युद्धातले रेल्वे सामान कोणाचे झाले, कुठे गेले: कागदांवरून माग काढण्याची रीत

"अमेरिकेने युद्धात दिलेले इंजिन, नंतर सरकारने लिलावात काढले." जुन्या इंजिनाच्या किंवा रुळाच्या फोटोखाली अशी ओळ सर्रास दिसते. या एका ओळीत तीन दावे आहेत. सामान अमेरिकेचे होते, ते भारताला मिळाले, आणि सरकारने ते विकले. तिन्हींना वेगवेगळा कागद लागतो, आणि लिहिणाऱ्याने बहुतेक वेळा त्यातला एकही पाहिलेला नसतो.

दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या आणि भारतातून गेलेल्या रेल्वे सामानाचा हिशेब सरकारांनी एका बैठकीत मिटवला नाही. १९४५ ते १९४८ या काळात वेगवेगळे करार झाले, आणि कोणती वस्तू कोणत्या करारात बसते हे ती वस्तू कोणत्या वाटेने आली यावर ठरले. नागपुरात बसून हा माग कसा काढायचा त्याचे टप्पे पुढे दिले आहेत. क्रम मोडू नका. लोक पाटी वाचतात आणि थेट लिलावावर उडी मारतात, मधले चार टप्पे राहून जातात आणि सगळा निष्कर्ष तिथेच फसतो.

## आधी तीन शब्द वेगळे करा

मालकी, ताबा आणि विल्हेवाट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्या तारखाही वेगळ्या असतात.

उदाहरण घ्या. १ मार्च १९४४ रोजी अमेरिकी लष्कराच्या रेल्वे पलटणींनी बंगाल-आसाम रेल्वेचा कटिहार ते लेडो हा ८०४ मैलांचा मीटरगेज मार्ग चालवायला घेतला. गाड्या त्यांनी हाकल्या, यार्डे त्यांनी सांभाळली. म्हणून मार्ग अमेरिकेचा झाला नाही, आणि त्यावर धावणारे प्रत्येक इंजिनही अमेरिकी मालकीचे ठरत नाही. तो ताबा होता. उलट, एखादे इंजिन भारतीय रेल्वेच्या शेडमध्ये, भारतीय ड्रायव्हरच्या हाती असूनही १९४६ पर्यंत कागदोपत्री अमेरिकेच्या खात्यावर असू शकते.

वहीत सुरुवातीलाच तीन रकाने आखा आणि प्रत्येक नोंद टाकताना ती कोणत्या रकान्यातली आहे ते ठरवा. "सोपवले", "हस्तांतरित केले", "वर्ग केले" हे शब्द फार फसवे आहेत. कागदात ते ताब्यासाठीही येतात आणि मालकीसाठीही. खाली पैशाचा किंवा कराराचा उल्लेख नसेल तर ती नोंद ताब्याच्या रकान्यात ठेवा.

## तयारी

सोबत लागणारे सामान थोडेच आहे: मिलिमीटरची टेप, मऊ ब्रश, पांढरा खडू, हातबॅटरी आणि कॅमेरा. जास्त महत्त्वाचा आहे रूपांतराचा तक्ता. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण इथली चूक पुढे कुठेच सापडत नाही.

- टन: ब्रिटिश आणि भारतीय कागदांतला टन २,२४० पौंडांचा, म्हणजे सुमारे १,०१६ किलो. अमेरिकी कागदातला टन बहुधा २,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ किलो. फरक १२ टक्क्यांचा आहे. एकाच मालाचे दोन आकडे जुळत नसले की "मधला माल गायब झाला" असे लिहिण्याआधी हे पाहा.
- मण: सरकारी मण सुमारे ३७.३ किलोचा.
- चलन: त्या काळी एका पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै. डॉलरला साधारण ३ रुपये ५ आणे. सप्टेंबर १९४९ च्या अवमूल्यनानंतर डॉलर ४ रुपये ७६ पैशांच्या घरात गेला. म्हणून १९४६ चा आकडा १९५० च्या दराने बदलू नका.
- वर्ष: भारताचे आर्थिक वर्ष १ एप्रिलपासून, अमेरिकेचे तेव्हा १ जुलैपासून. "१९४५ चा पुरवठा" ही दोन्हीकडे वेगळी गोष्ट आहे.
- तारीख: अमेरिकी कागदात महिना आधी येतो. ५/६/४६ म्हणजे तिथे ६ मे.

## टप्पा १: वस्तू वाचा

रूळ असेल तर. नागपुरात जुने रूळ कुंपणाचे खांब, छपराचे आधार, नाल्यावरच्या आडव्या तुळया म्हणून अनेक ठिकाणी दिसतात. रुळाच्या उभ्या पट्टीवर, म्हणजे डोके आणि पाय यांच्या मधल्या भागावर, गिरणीतच उठावाची अक्षरे उमटवलेली असतात. वर रंगाचे थर असतील तर खरवडू नका. मऊ ब्रशने धूळ झाडा, खडूची कांडी आडवी धरून हलक्या हाताने फिरवा आणि बॅटरीचा झोत बाजूने, रुळाला जवळजवळ समांतर टाका. समोरून टाकलेल्या उजेडात अक्षरे दिसत नाहीत, बाजूच्या उजेडात सावली पडून ती उभी राहतात. मजकूर काही फुटांच्या अंतराने पुन्हा येतो, त्यामुळे एका जागी झिजलेले अक्षर पुढच्या जागी मिळते. खांब पुरला असेल तर अर्धा मजकूर जमिनीत असू शकतो. उरलेला अंदाजाने भरू नका.

मजकुरात वजन, छेदाचा प्रकार, गिरणीचे नाव, वर्ष आणि महिना असतो. महिना अनेकदा आकड्याऐवजी उभ्या रेघांनी दाखवतात. सहा रेघा म्हणजे जून. अमेरिकी रुळावर वजन आणि छेद एकाच आकड्यात येतात: ९०२० असेल तर पहिले दोन अंक ९० पौंड प्रति यार्ड हे वजन सांगतात. भारतीय रुळावर ९० आर, ७५ आर, ६० आर अशी खूण आणि टाटांच्या गिरणीचे नाव सापडते.

अक्षरे पुसली असतील तर टेप लावा:

- ९० आर: उंची सुमारे १४३ मिमी, पायाची रुंदी १३७ मिमी
- ७५ आर: उंची १२९ मिमी, पाया १२२ मिमी
- ६० आर: उंची ११४ मिमी, पाया ११० मिमी

९० आणि ७५ हे मुख्यतः ब्रॉडगेजचे, ६० मीटरगेजचे. मात्र हलक्या मार्गांवर आणि साइडिंगवर कुठलाही रूळ कुठेही वापरलेला असतो. माप हे फक्त दिशा दाखवते.

इंजिन असेल तर. कारखान्याच्या पाटीवर तीन गोष्टी मिळतात: कारखाना, वर्ष, अनुक्रमांक. तिन्ही लिहून घ्या, पण अनुक्रमांक सोन्यासारखा जपा. रेल्वेने दिलेला क्रमांक बदलत राहतो. युद्धखात्याचा वेगळा, त्या-त्या रेल्वेचा वेगळा, आणि १९५७ च्या देशव्यापी क्रमवारीत पुन्हा वेगळा. कारखान्याचा अनुक्रमांक तेवढा बदलत नाही. पाटी मात्र बदलू शकते. बॉयलर, टेंडर आणि जोडदांडे एका इंजिनावरून दुसऱ्यावर जात असत. म्हणून सांगाडा, जोडदांडा आणि पाटी अशा किमान तीन जागी क्रमांक पाहा. तिन्ही जुळले तरच खात्री धरा.

कारखान्याची पाटी हा इंजिनाचा जन्मदाखला आहे, सातबारा नव्हे. बाल्डविनने बांधले म्हणून ते अमेरिकी सरकारने दिले, असे होत नाही. भारतीय रेल्वेने रोख पैसे मोजून घेतलेली बाल्डविनची इंजिनेही आहेत.

धोका: रुळांवर, यार्डात किंवा शेडमध्ये परवानगीशिवाय जाऊ नका. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे तो गुन्हा आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सुटलेली फिशप्लेट, बोल्ट, पाटी, काहीही "आठवण" म्हणून घरी आणू नका. रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायदा १९६६ खाली ती वस्तू तुमच्याकडे कशी आली हे तुम्हालाच सिद्ध करावे लागते, आणि इतिहासाची आवड हे त्याला उत्तर होत नाही.

## टप्पा २: गेज, रेल्वे आणि तारीख ठरवा

इथे नागपूरचा स्वतःचा गुंता आहे. शहरात दोन रेल्वे येऊन मिळत होत्या. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, १ जुलै १९२५ पासून थेट सरकारच्या व्यवस्थापनाखाली होती. बंगाल-नागपूर रेल्वे, म्हणजे आपली बीएनआर, मात्र युद्धाची पाच वर्षे कंपनीच चालवत होती. सरकारने तिचा कारभार १ ऑक्टोबर १९४४ रोजी हाती घेतला. त्यामुळे १९४३ मध्ये नागपुरात आलेला एकाच प्रकारचा रूळ जीआयपीच्या बाजूला सरकारी भांडारात नोंदला जाई आणि बीएनआरच्या बाजूला कंपनीच्या. नोंद शोधायची जागा इथेच बदलते.

पुढची वंशावळही लिहून ठेवा. जीआयपी ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वेत गेली. बीएनआर १४ एप्रिल १९५२ रोजी पूर्व रेल्वेत, तिथून १ ऑगस्ट १९५५ रोजी दक्षिण पूर्व रेल्वेत, आणि नागपूरचा भाग २००३ मध्ये दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत. आज नागपुरात "नागपूर विभाग" या एकाच नावाचे दोन विभाग दोन वेगळ्या रेल्वेंचे आहेत. अर्ज चुकीच्या विभागाला जातो तो याच कारणाने.

नॅरोगेजबद्दल एक स्पष्ट सांगणे. मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयात पाहिलेली वस्तू "युद्धातली असेल" असा तर्क लगेच करू नका. सातपुडा मार्गांचे गेज २ फूट ६ इंच, आणि त्यावरची सीसी वर्गाची इंजिने तर पहिल्या महायुद्धाच्याही आधीची आहेत. अमेरिकेतून भारतासाठी आलेली इंजिने प्रामुख्याने ब्रॉडगेज आणि मीटरगेजची होती. बांधणीचे वर्ष १९४१ च्या आधीचे निघाले, तर लेंड-लीजचा, म्हणजे अमेरिकेने रोख किंमत न घेता युद्धासाठी माल देण्याच्या योजनेचा, प्रश्न इथेच संपतो.

तपासणी: पुढे जाण्याआधी चार गोष्टी हातात हव्यात. गेज, बांधणीचे वर्ष, पहिल्यांदा वापरणारी रेल्वे, आणि त्या रेल्वेवर तेव्हा कारभार कोणाचा. एकही कमी असेल तर टप्पा १ वर परत जा.

## टप्पा ३: वस्तू कोणत्या वाटेने आली

हा टप्पा सगळ्यांत जड आहे आणि हाच सगळ्यांत जास्त वगळला जातो. सहा वाटा होत्या.

एक, अमेरिकेचा लेंड-लीज. कायदा ११ मार्च १९४१ चा. माल युद्धासाठी दिला, रोख किंमत घेतली नाही, हिशेब नंतर. ब्रॉडगेजची एडब्ल्यूडी आणि एडब्ल्यूई, मीटरगेजची 'मॅकआर्थर' इंजिने (भारतात पुढे एमएडब्ल्यूडी वर्ग) या काळातली. रेवाडीच्या शेडमध्ये जपलेले 'विराट' हे एडब्ल्यूई वर्गाचे आहे. हा वर्ग डोळ्यांनी पाहायचा असेल तर तिथे जा.

दोन, अमेरिकी सैन्याचे स्वतःचे सामान. हे भारताला दिलेलेच नव्हते. सैन्याने आपल्या कामासाठी आणले आणि युद्ध संपल्यावर ते इथे जादा ठरले. दिसायला लेंड-लीजच्या मालासारखेच, कधी त्याच कारखान्याचे, पण हिशेब वेगळा. पहिल्या दोन वाटांची गल्लत ही सर्वांत मोठी चूक आहे.

तीन, कॅनडा. सीडब्ल्यूडी इंजिने कॅनडात बांधलेली. कॅनडाचा परस्पर-मदत कायदा मे १९४३ चा, आणि त्याखाली दिलेल्या मालाचा अमेरिकेच्या कराराशी संबंध नाही. पण कॅनडात बांधलेला माल दुसऱ्या देशाच्या पैशानेही बांधला जाऊ शकत होता. मागणीपत्र पाहिल्याशिवाय वाट ठरवू नका.

चार, ब्रिटिश लष्करी साठा. युद्धखात्याने भारतात आणून ठेवलेला: डेपोंतले रूळ, पुलांचे सुटे भाग, क्रेन, वाघिणी.

पाच, रोख खरेदी. रेल्वेने आपल्या पैशाने, नेहमीच्या मागणीपत्राने घेतलेला माल. त्याला कोणत्याही सरकारी तडजोडीची गरजच नव्हती. तो पहिल्या दिवसापासून रेल्वेचा. कंटाळवाणे उत्तर आहे म्हणून लोक ते टाळतात, पण ही शक्यता आधी तपासा.

सहा, मूळचा भारतीय माल. युद्धात २६ शाखामार्ग उखडले गेले, आणि मीटरगेजची इंजिने, वाघिणी व रूळ मध्यपूर्वेकडे पाठवले गेले. हा माल उलट दिशेने गेला. परत आलेला भाग "परदेशातून आला" म्हणून परदेशी समजला जातो.

वाट ठरवताना पुरावा म्हणून मागणीपत्राचा क्रमांक, जहाजाचे बिल किंवा भांडारातली आवक नोंद धरा. रंगसंगती, कपलिंगची ठेवण, "इथले जुने लोक सांगतात" यांवर वाट ठरवू नका. जुन्या माणसांचे बोलणे जरूर टिपून ठेवा, त्यातून डेपोचे नाव किंवा साल हाती लागते. निर्णय मात्र कागदावर घ्या.

तारखेची तपासणी: जपानवरच्या विजयाची २ सप्टेंबर १९४५ ही तारीख हिशेबातली रेघ आहे. त्याआधी, २१ ऑगस्ट १९४५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी लेंड-लीज थांबवण्याचा आदेश दिला. माल तेव्हा कुठे होता हे शोधा: पोचला होता, समुद्रात होता, की अमेरिकेच्या धक्क्यावर पडून होता. पोचलेला आणि वाटेत असलेला माल एकाच नियमाने मिटवला असे गृहीत धरू नका.

## टप्पा ४: हिशेब कोणत्या करारात मिटला

वाट नक्की झाली की करार शोधणे सोपे आहे.

पहिल्या आणि दुसऱ्या वाटेसाठी भारत-अमेरिका करार, १६ मे १९४६, वॉशिंग्टन. लेंड-लीज, भारताने अमेरिकी सैन्याला दिलेली परतमदत, जादा युद्धसामग्री आणि एकमेकांवरचे दावे हे सगळे याच करारात मिटले. लेंड-लीज आणि परतमदत समोरासमोर ठेवून फेडल्या गेल्या. भारताने अमेरिकी सैन्याला ज्या सेवा, जागा आणि माल पुरवला तो दुसऱ्या पारड्यात होता. म्हणून "अमेरिकेने फुकट दिले" हे वाक्य चूक आहे. लेंड-लीजखाली आलेली चांदी मात्र या वजावटीत नव्हती, ती परत करायचीच होती. ज्यांना दोन्हींचा एकच बेरीज-आकडा हवा असतो ते इथे अडखळतात. जादा सामग्रीची कलमे त्याच करारात असली तरी वेगळी आहेत. म्हणून करार वाचताना तुमची वस्तू कोणत्या कलमात बसते तो कलम क्रमांक वहीत लिहा, नुसते "१९४६ चा करार" लिहू नका.

चौथ्या वाटेसाठी भारत-ब्रिटन तडजोड, जुलै १९४८. स्टर्लिंग शिलकीच्या, म्हणजे ब्रिटनकडे साचलेल्या भारताच्या पौंडांतल्या येण्याच्या, वाटाघाटींत ब्रिटनने मागे ठेवलेले संरक्षण साठे आणि बांधकामे भारताने १० कोटी पौंडांना, म्हणजे सुमारे १३३ कोटी रुपयांना घेतली. १ एप्रिल १९४७ ही यातली महत्त्वाची तारीख. ही रक्कम सगळ्या साठ्यांची मिळून आहे, त्यातून एका वाघिणीची किंमत काढता येत नाही. भागाकार करून "प्रत्येक इंजिन अमुक रुपयांना पडले" असे लिहिणे म्हणजे शुद्ध कल्पना.

तिसरी वाट असेल तर कॅनडाची कागदपत्रे. पाचवी आणि सहावी असेल तर परदेशी करार शोधूच नका, रेल्वेचे हिशेब आणि नुकसानभरपाईची फाईल शोधा.

धोका: ६ डिसेंबर १९४५ च्या ब्रिटन-अमेरिका तडजोडीत ६५ कोटी डॉलरचा आकडा आहे. ५३.२ कोटी डॉलर लेंड-लीज, परतमदत आणि जादा मालमत्तेचे, ११.८ कोटी वाटेतल्या मालाचे. हा आकडा ब्रिटनचा आहे. तो भारताच्या रेल्वे सामानाला चिकटवलेला वारंवार दिसतो. भारताची तडजोड त्यानंतर पाच महिन्यांनी, स्वतंत्र झाली.

## टप्पा ५: फाळणी तपासा

नागपूरच्या वस्तूला फाळणीचा काय संबंध, असे वाटेल. संबंध असा की बंगाल-आसाम रेल्वे आणि नॉर्थ वेस्टर्न रेल्वे १५ ऑगस्ट १९४७ ला दुभंगल्या, आणि त्यांच्याकडची इंजिने, वाघिणी वाटल्या गेल्या. मीटरगेजची वस्तू १९४७ आधी आसामकडे आणि नंतर दुसऱ्याच रेल्वेवर दिसत असेल, तर मध्ये वाटणीची नोंद असणार. सरकारी मालमत्तेसाठी १४ ऑगस्ट १९४७ चा हक्क, मालमत्ता आणि दायित्वे यांबाबतचा आदेश पाहा. लष्करी साठ्यांची वाटणी वेगळ्या यंत्रणेने झाली, ती यात शोधू नका. जीआयपी किंवा बीएनआरच्या ब्रॉडगेज वस्तूसाठी हा टप्पा बहुधा दोन मिनिटांत संपतो. तरी वहीत "तपासले, लागू नाही" असे लिहा.

## टप्पा ६: विल्हेवाट

आता कुठे लिलावाचा विचार. विल्हेवाट म्हणजे नेहमी लिलाव नव्हे. जादा सामानाचे कागद वाचताना चार शेवट दिसतात: रेल्वेने स्वतःकडेच ठेवले, दुसऱ्या सरकारी खात्याला वर्ग केले, जनतेला विकले (निविदा, वाटाघाट किंवा लिलाव), किंवा भंगारात काढले. रेल्वे हाच सामानाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक होता. युद्धाने तिचीच गाडी-रुळांची झीज झाली होती. त्यामुळे चांगल्या स्थितीतले इंजिन बाजारात जाण्याची शक्यता कमी, आणि "लिलाव" हा शब्द कागदात दिसल्याशिवाय लिहायचा नाही.

हे कागद डिस्पोजल्सच्या, म्हणजे जादा सामानाची विल्हेवाट लावणाऱ्या, महासंचालनालयाचे. १९५१ मध्ये पुरवठा आणि डिस्पोजल्स एकत्र येऊन डीजीएस अँड डी झाले आणि ते कार्यालय ३१ ऑक्टोबर २०१७ ला बंद झाले. "डीजीएस अँड डीने १९४६ मध्ये विकले" असे लिहिले की तारीख न तपासताच लिहिले हे उघड होते.

आणखी एक गल्लत टाळा. १९४६-४८ मध्ये जादा ठरून रेल्वेकडे आलेले इंजिन पंचवीस-तीस वर्षे धावून मग भंगारात गेले, तर ते भंगार युद्धसामग्रीच्या विल्हेवाटीत येत नाही. ती रेल्वेची नेहमीची बाद नोंद आहे, कागदही रेल्वेच्याच भांडार खात्यात.

## टप्पा ७: कोणत्या दप्तरात काय मागायचे

जवळून दूर जा. दिल्लीला आधी धावत गेलात तर काय मागायचे तेच कळत नाही.

नागपूर. राज्य पुराभिलेख संचालनालयाच्या नागपूर शाखेत मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारची दप्तरे आहेत. इथे मालकीचा कागद क्वचित मिळेल. मिळतात ते जागेचे, साइडिंगचे, प्रांतिक खात्याला वर्ग झालेल्या सामानाचे कागद. त्यातून दिल्लीच्या फाईलचा क्रमांक हाती लागला तर मोठे काम झाले. पत्राच्या डोक्यावरचा जावक क्रमांक आणि तारीख, दोन्ही अक्षरशः उतरवा. क्रमांकातली तिरकी रेघ, कंसातला आकडा, शेवटचे अक्षर यांपैकी काही सुटले की फाईल सापडत नाही.

दिल्ली. राष्ट्रीय अभिलेखागारात जाण्याआधी 'अभिलेख पटल' या त्यांच्या संकेतस्थळावर शोधा. इथे खात्याचे नाव अडवते. १९४२ ते १९४६ मधल्या फाईली नुसत्या "रेल्वे" खाली शोधून हात हलवत परत येणारे पुष्कळ. त्या काळी युद्ध वाहतूक हे वेगळे खातेही होते. त्या नावानेही शोधा. डिस्पोजल्ससाठी पुरवठा खाते, नंतर उद्योग व पुरवठा. करारासाठी वित्त आणि परराष्ट्र खाते. एकाच वस्तूसाठी तीन खाती पाहावी लागणे हे नेहमीचेच.

परदेश. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे छापील दस्तऐवज खंड इंटरनेटवर मोफत आहेत, १९४६ च्या वाटाघाटी त्यात वाचता येतात. लेंड-लीजचे मूळ कागद वॉशिंग्टनजवळच्या कॉलेज पार्क इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात, अभिलेख गट १६९ मध्ये. लष्करी वाहतुकीचे गट ३३६ मध्ये. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसची दप्तरे आहेत. ईमेलने विचारायचे तर एका ईमेलमध्ये एकच वस्तू, कारखान्याचा अनुक्रमांक आणि वर्ष लिहा. "भारतातल्या रेल्वे सामानाबद्दल सर्व माहिती" मागणाऱ्या पत्राला उपयोगी उत्तर येत नाही.

माहिती अधिकार. रेल्वेकडच्या जुन्या नोंदवह्यांसाठी हा चांगला मार्ग आहे. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनी पाच दिवसांत योग्य जागी पाठवायचा असतो. तरी दोन नागपूर विभागांपैकी कोणता, हे आधीच ठरवा. वीस वर्षांहून जुन्या घटनांच्या माहितीवरचे बहुतेक अपवाद कलम ८(३) ने गळून पडतात. अर्जात हे कलम लिहा.

प्रश्न असा करू नका: "हे इंजिन रेल्वेला कसे मिळाले आणि का विकले?" माहिती अधिकारात 'का' ला उत्तर मिळत नाही, 'कसे' ला मोघम मिळते. असा करा: "वर्ग एडब्ल्यूडी, कारखाना अनुक्रमांक अमुक, या इंजिनाच्या इतिहासपत्रकाची आणि बाद नोंदवहीतील संबंधित पानाची छायाप्रत द्यावी." कागदाचे नाव घेऊन मागा. "अभिलेख उपलब्ध नाही" असे उत्तर आले तर तो कधी, कोणत्या आदेशाने नष्ट केला त्या आदेशाची प्रत मागा. नष्ट करण्याच्या यादीतही अनेकदा फाईलचे शीर्षक आणि क्रमांक सापडतो. उत्तर समाधानकारक नसेल तर ३० दिवसांच्या आत पहिले अपील.

## टप्पा ८: लिहिताना

समजा एका कुंपणाच्या खांबावर अमेरिकी गिरणीचे नाव, ९०२० आणि १९४३ हे वर्ष वाचले. त्यावरून एवढेच लिहिता येते: "१९४३ मध्ये अमेरिकेत तयार झालेला ९० पौंडी रूळ. पुरवठ्याची वाट, मालकी आणि विल्हेवाट यांचा कागद मिळालेला नाही." हे अपुरे वाटेल, पण खरे आहे, आणि पुढच्या शोधणाऱ्याला नेमके कुठून सुरू करायचे ते यातून कळते. आवक नोंद मिळाली तर वाट लिहा. करारातले कलम मिळाले तर मालकी. बाद नोंद किंवा विक्रीचा कागद मिळाला तर विल्हेवाट.

प्रत्येक विधानापुढे पुराव्याची पातळी लिहा: वस्तूवर वाचले, कागदात पाहिले, सांगण्यावरून, तर्क. 'तर्क' लिहिलेल्या ओळी फोटोखालच्या मजकुरात टाकू नका, वहीतच ठेवा. फोटोसोबत रुळावरच्या मजकुराचा जवळून घेतलेला दुसरा फोटो, बाजूला टेप धरून, जरूर जोडा. जागा लिहिताना रेल्वेच्या बंद आवारातल्या सुट्या वस्तूचा नेमका ठिकाणा देऊ नका. भंगार चोरांना तो फुकटचा नकाशा होतो, आणि एकदा खांब कापून नेला की त्यावरचे वर्ष आणि रेघाही गेल्या.